मारणारा सापडला, मेलेला अजून बेपत्ताच

सप्टेंबर २०१८ मध्ये भोपाळ पोलिसांनी आदेश खामरा नावाच्या माणसाला पकडलं. भोपाळजवळ मंडीदीपला त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. पोलिसांनी सांगितलं ते असं: हा माणूस आणि त्याचे साथीदार ढाब्यावर ट्रक ड्रायव्हर-क्लीनरशी दोस्ती करायचे, खाण्यापिण्यातून गुंगीचं औषध द्यायचे, गळा आवळायचे, प्रेत आडबाजूला फेकायचे आणि माल व ट्रक दूरच्या राज्यात विकायचे. पोलिसांपुढे त्याने ३३ खुनांची कबुली दिली. ठिकाणं मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा. सुरुवात २०१० ची, आणि पहिल्या घटनांत अमरावती आणि नाशिक ही नावं त्या वेळच्या बातम्यांत होती. ड्रायव्हरचं आयुष्य कष्टाचं, मी त्यांना मुक्ती देत होतो, असंही तो म्हणाल्याचं छापून आलं होतं. ही बातमी देशभर चघळली गेली ती याच वाक्यासाठी. दिवसा शिंपी, रात्री खुनी. आठवडाभर चाललं, मग संपलं.

घुग्घुसमध्ये राहणाऱ्या माणसाला ही बातमी वेगळी दिसते. आमच्याकडे कोळसा आहे, सिमेंट आहे, लोखंड आहे, आणि हे सगळं ट्रकवर जातं. वणी रोडला, पडोलीकडे, ताडाळीकडे, चोवीस तास गाड्यांची रांग. माझ्या वर्गातल्या मुलांना बाबांचा धंदा विचारला की निम्मी मुलं गाडीशी नातं सांगतात: ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री, पंक्चरवाला, ढाबा. उर्दू माध्यमाच्या मुलांत तर जास्तच. तेव्हा ३३ हा आकडा वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न खुन्याबद्दल आला नाही. ते ३३ कोण, हा आला. त्यातल्या कितींची नावं कळली, कितींच्या घरी निरोप गेला, आणि ज्या ठाण्यांच्या हद्दीत ती प्रेतं कधीतरी सापडली असतील, त्या ठाण्यांनी आपले जुने कागद पुन्हा काढले का?

बेवारस प्रेताचा प्रवास कसा होतो हे आधी समजून घेऊ, कारण खरी गोष्ट तिथे अडते.

रस्त्याकडेला प्रेत सापडतं. ओळख पटत नाही. खिशात काही नाही, मोबाइल नाही. पोलीस मर्ग दाखल करतात, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा नागपूरला. अंगावर वार असतील तर खुनाचा गुन्हा लागतो. पण आठ-दहा दिवसांचं प्रेत असेल, कुजलेलं असेल, जनावरांनी खाल्लेलं असेल, तर गळा आवळला होता की दारू पिऊन पडला, हे सांगणं डॉक्टरलाही जड जातं. आमच्या जिल्ह्यात तर जंगलाच्या कडेला प्रेत म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव वाघाचं येतं. मग काही दिवस शवागारात, वारस आला नाही तर नगरपालिका किंवा एखादी सेवाभावी संस्था अंत्यविधी उरकते. मर्ग बंद होतो. खुनाचा गुन्हा लागला असेल आणि आरोपी मिळाला नसेल, तर कोर्टात ‘अ समरी’ जाते: गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. पोलिसांच्या भाषेत ‘कायम तपासावर’. कायम तपासावर असलेल्या फाइलला हात कोण लावतो, हे ज्याने त्याने आपल्या ठाण्यात विचारून पाहावं.

दुसरीकडे ज्याचा माणूस गेला, तो त्याच्या गावच्या ठाण्यात ‘मिसिंग’ नोंदवतो. लहान मूल हरवलं तर सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या बचपन बचाओ आंदोलन प्रकरणातल्या आदेशामुळे थेट गुन्हा नोंदवावा लागतो, अपहरण झालं असं गृहीत धरून. मोठ्या माणसाला ते संरक्षण नाही. त्याची फक्त नोंद होते आणि ठाणेदार समजूत घालतो, येईल परत, कुठे गेला असेल. ड्रायव्हरच्या बाबतीत तर अजून एक संशय हजर असतो. माल आणि गाडी दोन्ही गायब, म्हणजे यानेच गाडी पळवली. मेलेला माणूस स्वतःच्याच खुनाच्या प्रकरणात चोर ठरतो. मालक विम्यासाठी ठाण्यात जातो, तिथे ड्रायव्हरचं नाव संशयित म्हणून लागतं, आणि त्याची बायको गावात तोंड लपवून फिरते. खामरासारख्या टोळीला याहून चांगला आडोसा कोणता हवा होता?

आता हे दोन कागद, एका जिल्ह्यातला मर्ग आणि दुसऱ्या राज्यातली मिसिंग, एकमेकांना भेटायला हवेत. सीसीटीएनएस नावाची देशव्यापी संगणक यंत्रणा मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये मंजूर झाली ती यासारख्याच कामासाठी. पण संगणक जे भरलं तेच जुळवतो. इकडे ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४०, बांधा मध्यम, रंग सावळा’ असं लिहिलं, तर निम्मा देश त्यात बसतो. बोटांचे ठसे घेतले तरी ते गुन्हेगारांच्या ठशांशीच ताडता येतात. आधारमध्ये सगळ्यांचे ठसे आहेत, पण आधार कायदा ते कुणालाही द्यायला मनाई करतो. ही मनाई मला योग्यच वाटते, जिवंत माणसांसाठी. मेलेल्याला तिचा काही उपयोग नाही.

आणि हद्द! वर्धा नदीच्या अलीकडे आम्ही चंद्रपूर जिल्हा, पूल ओलांडला की यवतमाळ. खाली गेलं की तेलंगणा. नदीत प्रेत वाहत आलं तर कोणत्या काठाला लागलं यावर ठाणं ठरतं. गाडी एका राज्यातून निघाली, ड्रायव्हर दुसऱ्या राज्यातला, प्रेत तिसऱ्यात, ट्रक चौथ्यात विकला. प्रत्येक ठाण्याकडे गोष्टीचा एकच तुकडा. पूर्ण गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक असते, आणि तो तुरुंगात बसलेला असतो.

लोक म्हणतात, तो सापडला ना, आत आहे ना, मग जुनं उकरून काय मिळणार? मेलेला थोडाच परत येणार?

हा प्रश्न मला सहन होत नाही, आणि त्याला कारण आहे. शाळेत एक बाई येतात, मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी. नवरा गाडीवर गेला तो आला नाही, त्याला बरीच वर्षं झाली. अर्जात वडिलांचा रकाना असतो, हयात की मयत. त्या दर वर्षी तेच विचारतात, “आपा, इस बार क्या लिखूँ?” हयात लिहिलं तर उत्पन्नाचा दाखला नवऱ्याच्या नावाचा लागतो. मयत लिहिलं तर मृत्यूचा दाखला लागतो. दोन्ही त्यांच्याकडे नाहीत. बाईंच्या नवऱ्याचं काय झालं मला माहीत नाही, खामराशी त्याचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण त्या ३३ जणांच्या मागेही असाच एखादा रकाना रिकामा असणार.

कायदा काय सांगतो? पुरावा कायद्याप्रमाणे सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं गृहीत धरता येतं, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. मुस्लिम स्त्रीसाठी १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यात वेगळी तरतूद आहे. नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षं लागला नाही तर ती निकाह मोडून मागू शकते, आणि हुकूम झाल्यावरही सहा महिने थांबावं लागतं, न जाणो तो परत आला तर. फिक्हमध्ये अशा हरवलेल्या माणसाला ‘मफ़क़ूद’ म्हणतात, आणि त्याच्या बायकोने किती थांबायचं यावर आलिमांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. वाद घालणाऱ्यांत बायका नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. आमच्या त्या बाईंना चार वर्षांचा कायदा मी समजावून सांगितला होता. त्या म्हणाल्या, मला निकाह मोडायचा नाही, मला इद्दत करायची आहे. विधवा म्हणून बसायचा हक्कही मयत सिद्ध झाल्याशिवाय मिळत नाही. वारसा नाही, विमा नाही, जनाज्याची नमाज नाही.

म्हणून जुनी फाइल उघडण्यात शिक्षा ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. पहिली गोष्ट, नाव.

महाराष्ट्राला हे नवं नाही. कोल्हापूरचं बालहत्याकांड आठवा. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना १९९६ मध्ये अटक झाली. १९९० पासून सहा वर्षं गर्दीच्या ठिकाणांवरून मुलं पळवायची, चोरी करताना पकडलं गेलं तर मूल पुढे करायचं, आणि मूल डोईजड झालं की मारायचं. आई १९९७ मध्ये कोठडीतच मेली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. तेरा मुलांच्या अपहरणाचा खटला उभा राहिला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. शेवटपर्यंत टिकले ते पाच खून. दयेचा अर्ज सरकार दरबारी वर्षानुवर्षं पडून राहिला, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी फेटाळला, आणि त्या विलंबाच्याच कारणावरून १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशी जन्मठेपेत बदलली.

यावर चर्चा झाली ती फाशी की जन्मठेप एवढीच. तेरा वजा पाच, उरलेल्या मुलांचं काय, हे कोणी विचारलं नाही. तेरा मुलं पळवली गेली आणि पाच खून सिद्ध झाले, याचा अर्थ बाकीची सगळी घरी पोहोचली असा होत नाही. ज्यांचे आईबाप फुटपाथवर, एसटी स्टँडवर राहणारे होते, त्यांनी तक्रार तरी कुठे केली असेल?

रमण राघवच्या बाबतीतही तेच. १९६५-६६ मध्ये मुंबईत रेल्वेमार्गालगत झोपलेल्या लोकांवर हल्ले झाले. तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागला होता, पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये उपनगरांत पुन्हा तेच सुरू झालं. रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास आला आणि ऑगस्ट १९६८ मध्ये तो पकडला गेला. त्याने ४१ खून केल्याचं सांगितलं. १९८७ मध्ये वेडेपणाच्या कारणाने फाशीची जन्मठेप झाली, १९९५ मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो मेला. सत्तावीस वर्षं तो सरकारच्या ताब्यात होता. त्याच्यावर पुस्तकं आली, सिनेमे आले. त्या एक्केचाळीस जणांची यादी कुठे छापलेली मी पाहिली नाही.

उलट उदाहरण वाईचं आहे. २०१६ मध्ये एक अंगणवाडी सेविका बेपत्ता झाली. तिच्या घरच्यांनी आणि संघटनेने पाठ सोडली नाही, म्हणून पोलीस संतोष पोळपर्यंत पोहोचले. त्यानंतर धोमच्या फार्महाऊसच्या आवारात खोदकाम झालं, सांगाडे निघाले, आणि २००३ पासूनच्या बेपत्ता लोकांच्या फायली पुन्हा उघडल्या. एकूण सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. एका मिसिंगचा नीट तपास झाला आणि तेरा वर्षं जुन्या नोंदी जिवंत झाल्या. कायद्याने काहीच आडवं येत नाही. खुनाला मुदत नसते. आरोपपत्र गेल्यानंतरही पुढचा तपास करायची मुभा जुन्या संहितेत कलम १७३(८) मध्ये होती, आजही आहे. आरोपी तुरुंगात असेल तर कोर्टाच्या परवानगीने त्याला आणता येतं, विचारता येतं. जन्मठेपेला जन्मठेप जोडून वर्षं वाढत नसतील, पण उद्या शिक्षेत सूट द्यायचा प्रश्न आला तर समोर फक्त सिद्ध झालेलेच गुन्हे असतात.

आता माझी दुसरी बाजू, आणि ही माझ्या वाचकांना जास्त जवळची वाटेल.

तुरुंगात बसलेल्या माणसाच्या गळ्यात फायली बांधणं पोलिसांना फार सोपं असतं. अमेरिकेत हेन्री ली ल्यूकस नावाच्या कैद्याने ऐंशीच्या दशकात शेकड्यांनी खून कबूल केले. ठिकठिकाणचे पोलीस आपापल्या जुन्या फायली घेऊन त्याच्याकडे रांग लावायचे, तो हो म्हणायचा, फाइल बंद. पुढे कळलं की काही खुनांच्या वेळी तो शेकडो मैल दूर होता, आणि डीएनएने काही प्रकरणांत दुसरेच मारेकरी निघाले. स्वीडनमध्ये स्टुरे बेर्गवाल याने तिसाहून जास्त खून कबूल केले, आठांत शिक्षा झाली, आणि २०१३ पर्यंत आठही शिक्षा रद्द झाल्या. कबुलीखेरीज पुरावा जवळजवळ नव्हताच.

आपल्याकडे हे दूरचं नाही. निठारी २००६ चं. मुलं हरवत होती, तक्रारी घ्यायला पोलीस तयार नव्हते, नंतर नाल्यातून सांगाडे निघाले. सुरेंद्र कोलीला एकामागून एक फाशीच्या शिक्षा. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कबुलीवर आणि तपासावर ताशेरे ओढत त्याला सोडलं, शेवटच्या प्रकरणातूनही तो नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टातून सुटला. मुलं मेली हे खरं, मारलं कुणी ते आज कागदावर कुणीच नाही. आणि मुंबईच्या लोकल स्फोटांचा खटला! बारा जणांना २०१५ मध्ये शिक्षा, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत मजकूर सारखाच कसा हेही दाखवून दिलं. सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलं आहे, तो निकाल यायचा तो येईल. पण एकोणीस वर्षं गेली ती गेली, आणि स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांनाही उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही, हे इंग्रजांनी १८७२ मध्येच लिहून ठेवलं, कारण आपल्या ठाण्यात ती कशी मिळते हे त्यांना नीट माहीत होतं. कबुलीतून जर नवी वस्तू सापडली, हाड, चाकू, गाडीचा नंबर, तर तेवढाच भाग चालतो. आदेश खामराच्या ३३ लाही हीच फूटपट्टी लावायला हवी. ३३ म्हणाला म्हणून ३३ बंद करायचे नाहीत. तो म्हणाला ती जागा, ते वर्ष, तो माल, तो रस्ता खरा निघतो का, आणि तिथे त्या काळात मर्ग दाखल आहे का, हे पाहायचं.

हे कसं करतात याचं चांगलं उदाहरणही अमेरिकेचंच आहे. सॅम्युअल लिटल कॅलिफोर्नियात जन्मठेप भोगत होता. २०१८ पासून तो बोलू लागला, ९३ खून सांगितले. तपास अधिकाऱ्यांनी आकडा तसाच उचलला नाही. तो चित्रं काढायचा. मेलेल्या बायकांचे चेहरे आठवून त्याने काढलेली चित्रं एफबीआयने लोकांपुढे ठेवली, कुणी ओळखतं का पाहायला. ऑक्टोबर २०१९ पर्यंत पन्नास प्रकरणं पडताळून झाली होती. त्यातले बरेच मृत्यू आधी नशेचे, अपघाताचे, कारण न कळलेले म्हणून बंद केलेले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर मर्ग. २०२० मध्ये तो मेला. तो मेल्यावर बाकीच्या नावांचा रस्ता जवळजवळ बंदच झाला. तुरुंगातला माणूस कायम राहत नाही. अंजनाबाईंबरोबर काय काय गेलं कुणास ठाऊक.

आपल्याकडे डीएनएचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्यात बेपत्ता लोक आणि अनोळखी प्रेतं यांच्या वेगळ्या नोंदी ठेवायची सोय होती. सोबत संशयितांचीही होती, आणि तिथेच भीती होती. संशयित म्हणजे कोण हे आमच्या मोहल्ल्यांना कुणी शिकवायला नको. २०२३ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. मला वाटतं त्याचे दोन तुकडे करता आले असते. बेपत्ता माणसाच्या आईने स्वतःच्या इच्छेने दिलेला नमुना आणि बेवारस प्रेताचा दात, एवढंच जुळवणारा छोटा कायदा. संशयितांचं भांडण वेगळं ठेवून.

तोवर चंद्रपूर, यवतमाळ आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांच्या पोलिसांना नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. २०१० ते २०१८ या काळात हमरस्त्यांलगत सापडलेली अनोळखी पुरुषांची प्रेतं, मर्ग असोत की ‘अ समरी’, त्यांची एक यादी करावी, कपड्यांच्या आणि गोंदणाच्या वर्णनासह, फोटो असतील तर फोटोसह. ट्रक-माल घेऊन पळाले म्हणून ज्या ड्रायव्हरांवर गुन्हे आहेत आणि जे पुन्हा कधीच सापडले नाहीत, त्यांची दुसरी यादी करावी. दोन्ही शेजारी ठेवाव्यात आणि भोपाळला पाठवाव्यात. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे बिल्टी असते, तारीख असते, माल कुठून कुठे निघाला ते असतं. जुन्या वह्या रद्दीत जायच्या आत मागून घ्याव्यात.

आणि आमच्याकडून एक होऊ शकतं. बेवारस मयत मुसलमान आहे असं पोलिसांना वाटलं की ते कब्रस्तान कमिटीला फोन करतात. कमिटीचे लोक जातात, गुसल देतात, दफन करतात, सवाबचं काम म्हणून. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर असतं, काही ठिकाणी नुसती वही. त्यात तारीख, ठाण्याचं नाव, मर्ग नंबर आणि कबरीची जागा एवढं लिहिलेलं आहे का, ते प्रत्येक कमिटीने या महिन्यात पाहून घ्यावं. नसेल तर ज्यांनी दफन केलं त्यांना विचारून लिहावं. ते म्हातारे झाले आहेत.